कुंडीतलं झाड मेलं की झोपलं? उपटण्याआधी एवढं तपासून पाहा

कामठा (ता. गोंदिया) : उन्हाळा लागला की गावागावांत उकिरड्यावर एक गोष्ट हमखास दिसते. कुंडीच्या आकाराचा मातीचा गोळा आणि त्यातून वर निघालेली वाळकी काडी. लग्नसराईत अंगण सारवताना, घर झाडताना कुणीतरी "हे मेलं" म्हणून ओतून दिलेलं झाड. बातमीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना असे गोळे मी नेहमी पाहतो. आता तर उचलून पाहायची सवयच लागली आहे. त्यातली काही झाडं मेलेली नसतात, झोपलेली असतात.

आपण शेतकरी माणसं. धानाचं घरचं बियाणं वापरायचं असलं तर आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आठवडाभराने किती उगवले ते मोजतो. ८० च्या वर आले तरच पऱ्हे टाकतो. बियाण्याची एवढी परीक्षा घेणारा माणूस कुंडीतल्या झाडाचा निकाल मात्र उभ्या उभ्या एका नजरेत लावतो. पानं नाहीत म्हणजे मेलं. याच हिशेबाने पाहिलं तर चैत्रात नागझिऱ्याचं जंगलही मेलेलंच दिसेल. साग उघडा, मोहाला पान नाही, आणि पळस तर पानं नसतानाच फुलांनी लाल होतो. तेंदूची झुडपं फेब्रुवारी-मार्चमध्ये बुडापासून छाटतात आणि त्याच खुंटांना पुढे जी कोवळी पानं येतात त्यावर आपल्याकडच्या कितीतरी घरांची उन्हाळ्याची कमाई असते. तेव्हा पान नसणं हा काही मरणाचा दाखला नाही.

मग दाखला कोणता? एका खुणेवर निकाल लावू नये. तीन-चार गोष्टी मिळून पाहाव्या लागतात, आणि त्यातली पहिली तर हात न लावताच दिसते.

पान गळालं की लटकलं?

झाड स्वतःहून पान टाकतं तेव्हा ते जिवंत असतं. पानाच्या देठाशी, फांदीला जिथे ते जोडलेलं असतं तिथे, झाड एक पातळ थर तयार करतं आणि पान सुटून पडतं. हे काम मेलेली फांदी करू शकत नाही. म्हणून वादळात सागाची हिरवी फांदी मोडून पडली तर तिची पानं वाळतात, तपकिरी होतात, पण महिनोन्‌महिने तशीच चिकटून राहतात. कुंपणाला घातलेल्या डहाळ्यांवर आपण हे रोज पाहतो, फक्त कुंडीपाशी आठवत नाही.

म्हणजे कुंडीतली फांदी साफ उघडी असेल, पानं खाली मातीवर पडलेली असतील आणि देठाच्या जागी स्वच्छ खूण असेल, तर झाड सावकाश, ठरवून झोपलं असण्याचा संभव जास्त. उलट पानं काळी-तपकिरी होऊन फांदीलाच लटकत असतील, हात लावला की चुरा होत असेल, तर ती फांदी अचानक गेली. अचानक म्हणजे एक तर मूळ तुटलं, सडलं, नाहीतर पाण्यावाचून दोन-चार दिवसांत खेळ आटोपला. तरीसुद्धा फांदी मेली म्हणजे झाड मेलं असं नाही. ते पुढे पाहू.

आपल्याकडे कोण कधी झोपतं

झाड कोणतं आहे हे माहीत असलं की अर्धी चौकशी तिथेच संपते. गोंदिया जिल्ह्याची हवा दोन्ही टोकांची. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या सर्वात थंड ठिकाणांत आपलं नाव बऱ्याचदा येतं, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर. त्यामुळे काही झाडं थंडीत निजतात, काही उन्हाळ्यात, आणि काही दोन्ही वेळा रुसतात.

चाफा थंडीत पानं टाकतो आणि नुसते जाड खुंट उभे राहतात. उन्हाळ्यात त्याच उघड्या खुंटांवर आधी फूल येतं, पानं मागाहून. अडेनियम, ज्याला नर्सरीवाले वाळवंटी गुलाब म्हणतात, तोही थंडीत उघडा होतो. गोडनिंब म्हणजे कढीपत्ता थंडीत पिवळा पडून गळतो आणि बायका हळहळतात, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटतो. पारिजातक आणि सीताफळ उन्हाळ्यात उघडे पडतात. सीताफळाची काडी तर मे महिन्यात इतकी करडी आणि कोरडी दिसते की जाळायला न्यावी. पाऊस पडला की तिलाच पानं.

जमिनीखाली झोपणाऱ्यांची गोष्ट वेगळी. हळद, आलं, सुरण, धोपा (बाकीच्या महाराष्ट्राचं अळू), निशिगंध, लिली, कळलावी, डेलिया, मे फ्लॉवर. यांचं वरचं सगळं वाळून जातं. कुंडीत नुसती माती दिसते. मे फ्लॉवरचा कांदा थंडीत पानं गाळून महिनोन्‌महिने गुपचूप पडून राहतो आणि ऐन मेमध्ये मातीतून सरळ लाल गोळा वर येतो, पान नंतर. अशा "रिकाम्या" कुंडीत दुसरं झाड लावायला म्हणून खुरपी घातली आणि कांदा कापला गेला, हे आमच्याच घरी घडलं आहे. आता थंडीत पानं वाळली की त्या कुंडीला सुतळी बांधून ठेवतो, म्हणजे कुणी हात लावत नाही.

आणि काही झाडं आपल्याकडे झोपतच नाहीत. जास्वंद, तगर, क्रोटन, मनी प्लांट यांची सगळी पानं गेली तर ती झोप नव्हे, आजार आहे. वाचणार नाहीतच असं नाही, पण "येईल आपोआप" म्हणून बसू नये. झेंडू तर एका हंगामाचंच झाड. फुलं झाली, बी झालं, वाळला म्हणजे त्याचं काम झालं. शेवंती फसवते. फुलांनंतर दांडे वाळतात, पण बुडाशी मातीलगत बारीक हिरवे फुटवे असतात. वाळके दांडे उपटायचे नाहीत, कापायचे.

नख लावून पाहा

सगळ्यांना माहीत असलेली परीक्षा ही, आणि सगळ्यात जास्त चुकते तीही हीच. फांदीची वरची साल नखाने किंवा चाकूच्या टोकाने गव्हाच्या दाण्याएवढी खरवडायची. आत हिरवं, ओलसर दिसलं तर तो भाग जिवंत. तपकिरी, कोरडं, लाकडासारखं दिसलं तर तो भाग गेला.

चूक होते ती जागेची. माणूस शेंड्याला नख लावतो, कोरडं निघतं, आणि निकाल देऊन मोकळा. शेंडा नेहमी आधी मरतो. झाडाला पाणी कमी पडलं की ते लांबचे हातपाय सोडून देतं आणि जीव बुडाकडे ओढून घेतं. म्हणून वरून सुरुवात करून चार-चार बोटं खाली येत जायचं, अगदी मातीपर्यंत. मातीलगतही कोरडं निघालं तर बोटभर माती बाजूला सारून तिथे पाहायचं. कितीतरी वेळा हिरवं तिथे सापडतं. एकाच बाजूने खरवडायचं, फांदीभोवती गोल साल काढायची नाही. गोल साल काढली की जिवंत फांदी आपणच मारतो.

जुन्या जाड सालीवर नख चालत नाही, ब्लेड घ्या. चाफा, अडेनियम, शेर, कण्हेर यांना खरवडलं तर चीक येईल. तो विषारी असतो, डोळ्याला लागला तर फार त्रास होतो, लेकरांना जवळ उभं करू नका आणि हात साबणाने धुवा. अडेनियमला खरं तर खरवडायची गरजच नाही. बुडाचा गड्डा दाबून पाहा. कच्च्या बटाट्यासारखा टणक असेल तर ठीक. थोडा सुरकुतलेला पण टणक असेल तर तहानलेला आहे. बोट आत जात असेल, पाणी सुटत असेल तर सडला.

फांदी वाकवून पाहण्याची रीतही आहे. जिवंत काडी लवते, मेलेली कडकन मोडते. पण काही जिवंत झाडांच्या काड्याही ठिसूळच असतात, तेव्हा हिच्यावर फार भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा डोळे पाहा. पानाच्या खुणेच्या वर बारीक गाठ असते. ती फुगीर, घट्ट असेल तर आशा आहे. बोटाने लोटताच पावडरीसारखी झडली तर तो डोळा गेला.

आता या परीक्षेचा दुसरा दोष. हिरवं निघालं म्हणजे झाड वाचलं असंही नाही. शेवग्याची फांदी तोडून कुंपणाशी टाकली तरी ती कितीतरी दिवस आतून हिरवी राहते. कधी कधी पडल्या पडल्या पालवतेसुद्धा. तिला मूळ कुठे आहे? साठवलेल्या ओलाव्यावर आणि अन्नावर ते चाललेलं असतं. कुंडीतही असंच होतं. मुळं सडलेली असतात, खोड हिरवं असतं, दोन पानं येतात, घरचे खूश होतात आणि पंधरा दिवसांत सगळं मान टाकतं. म्हणून खोड पाहून झालं की खाली जावंच लागतं.

मी केलेली चूक

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो नाही. आईने माहेराहून, लांजीकडून, एक मोगरा आणला होता. माझ्या लहानपणापासून तो ओसरीच्या कोपऱ्यात होता. आधी मडक्यात, मग पत्र्याच्या डब्यात, शेवटी सिमेंटच्या कुंडीत. आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात धान विक्रीच्या आणि बोअरच्या कामात मी इतका गुंतलो की त्याला पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मेच्या शेवटी पाहिलं तर नुसत्या काड्या. वरची एक मोडून पाहिली, कडकन मोडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मेलं ना जी ते, कायले पाणी घालता?" मलाही तसंच वाटलं. कुंडी चांगली होती, तीत लिंबू लावायचा होता. झाड उपटेना म्हणून बुडाशी विळा घातला. खुंट कापला गेला आणि आत हिरवं, ओलं. मुळं ओढली तर काही पांढरी, टणक.

तसाच परत लावला, सावलीत ठेवला, पाणी घातलं. ऐन नवतपा चालू होता. मुळं अर्धी तुटलेली. नाही जगला. दोन आठवडे वाट पाहिली असती तर मृगाच्या पाण्याने त्याच खुंटाला फूट आली असती, याबद्दल मला आज शंका नाही. बहिणीकडे त्याच मोगऱ्याची एक कलम आहे, तिच्याकडून पुढे फांदी आणून लावली. पण तो पहिला नव्हे.

खरी गोष्ट बुडाशी

खोड जिथे मातीत शिरतं ती जागा बोटांनी चाचपा. टणक असेल, साल घट्ट असेल तर बरं. साल हाताबरोबर सरकून येत असेल, आत मऊ लागत असेल, कुजक्या कांद्यासारखा वास येत असेल तर तिथून सड चढली आहे. मग वर कितीही हिरवं असो, ते झाड उभ्याने टिकणार नाही. वरचा टणक भाग कापून त्याची कलम लावता आली तर तेवढीच कमाई.

मग झाड धरून हळूच हलवा. लहान दातासारखं डुलत असेल तर खाली मुळं उरलेली नाहीत. आपल्या भागात याची दोन कारणं मी जास्त पाहिली. एक उदई, म्हणजे वाळवी. ती कोरड्या कुंडीत, विशेषतः जमिनीला टेकवून ठेवलेल्या कुंडीत खालच्या भोकातून शिरते. दुसरी हुमणी. अर्धकच्चं शेणखत कुंडीत घातलं की त्याबरोबर तिची पांढरी, वाकडी अळी येते आणि आतल्या आत मुळं कुरतडते. वरून वाटतं उन्हाने वाळलं. शेणखत पूर्ण कुजलेलं, हातात भुसभुशीत लागणारं असेल तरच कुंडीत घालावं.

शेवटची परीक्षा मुळांची. संध्याकाळी करा, ऐन दुपारी नाही. कुंडी आडवी करून कडेने ठोकली की गोळा निघतो. जिवंत मूळ पांढरं किंवा मळकट पांढरं, टणक. सडलेलं मूळ काळपट, चिखलासारखं. दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो. काही झाडांची चांगली मुळंही तपकिरी असतात, तेव्हा रंगावर जाऊ नका, खरवडून आत ओलं आहे का ते पाहा. गोळ्याच्या सगळ्या बाजू पाहा, विशेषतः पश्चिमेकडची.

पश्चिमेकडची का, ते सांगतो. काळी प्लास्टिकची कुंडी स्लॅबवर किंवा टिनाच्या पत्र्यापाशी ठेवली, तर मेच्या दुपारी उन्हाकडच्या बाजूची माती ५० अंशांच्या आसपास जाऊ शकते. जमिनीत उभ्या झाडाच्या मुळांना अशी आंच कधी लागत नाही. जगदीशचंद्र बोस यांनी झाडांच्या मरणावरही प्रयोग केले होते. तापवत गेलं तर ६० अंशांच्या सुमारास झाड शेवटचा झटका देऊन मरतं, असं त्यांनी नोंदवून ठेवलं. पण मुळं त्याच्या खूप आधी बिघडतात. त्यामुळे उन्हाकडची मुळं गेलेली आणि सावलीकडची शाबूत, असं अर्धं-अर्धं चित्र पुष्कळदा दिसतं. अर्धी मुळं चांगली असतील तर झाड जगवता येतं. वरच्या फांद्याही त्या मानाने छाटायच्या, एवढंच.

पाणी घातलं, तरी प्यायलं नाही

बरेच लोक सांगतात, "पाणी तर रोज घालतो." खरं असतं ते. पण कुंडीतली माती एकदा पूर्ण वाळली की आकसते, कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. खालून पाणी आलं म्हणजे माती भिजली असं आपण समजतो. गोळा आतून कोरडाच. कुंडी उचलून पाहा. पाणी घालूनही हलकी लागली तर हेच झालं आहे. उपाय सोपा आहे. घमेल्यात किंवा टबात पाणी घेऊन त्यात कुंडी अर्धा-पाऊण तास ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा, सावलीत निथळू द्या. पाणी सकाळचं थंड घ्या. टाकीच्या पाइपातलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते मुळांना घालू नका.

उलट झोपलेल्या झाडाला रोज पाणी घालणं हाही मारण्याचाच रस्ता. पानं नाहीत म्हणजे पाणी ओढणारं कुणी नाही. माती चिखल होते, मुळांना हवा मिळत नाही, सडतात. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर थोडं पाणी, ओल असेल तर राहू द्या. खालचं भोक काडीने मोकळं करा. अडेनियम आणि कांदेवाल्या झाडांना झोपेत तर फारच कमी पाणी लागतं.

आणि युरिया नको. शेतकऱ्याचा हात सवयीने पोत्याकडे जातो, मूठभर टाकला की फूट येईल असं वाटतं. झोपलेलं किंवा आजारी झाड ते खाऊ शकत नाही. खताचं मीठ मातीत साचतं आणि मुळातलंच पाणी बाहेर ओढतं. शेणखत, गांडूळ खत, जे घालायचं ते चार नवी पानं आल्यावर.

पाण्याने उघडलं म्हणजे जिवंत, असं नाही

जत्रेत, बाजारात वाळक्या मुठीसारखी वनस्पती विकायला येते. पाण्यात टाकली की डोळ्यांदेखत उलगडते. त्यात दोन वेगळ्या चिजा आहेत. एक जी संजीवनी म्हणून विकतात, सेलॅजिनेला जातीची. ती खरोखर वाळून पुन्हा हिरवी होऊ शकते. दुसरी गर्भफूल म्हणून विकतात, ती अरबस्तानाकडच्या वाळवंटातली. ती मेलेली असली तरी पाण्याने उघडते, कारण तिचे तंतू ओले झाले की नुसते सरळ होतात. दाराची लाकडी फळी पावसाळ्यात फुगते तसंच. ती पुन्हा हिरवी होत नाही.

खरोखर वाळून जगणाऱ्या वनस्पती आपल्या राज्यातही आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदवल्या. त्या जवळजवळ सगळं पाणी गमावून कागदासारख्या होतात आणि पाऊस पडला की पुन्हा हिरव्या. पण आपला गुलाब, जास्वंद, लिंबू त्यातले नाहीत. त्यांची झोप म्हणजे आत ओलावा राखून घेतलेली विश्रांती. आतला ओलावाच संपला तर पाण्याने ते परत येत नाहीत. म्हणूनच सालीखाली ओल शोधायची.

तुळशीचं वेगळं आहे

सर्वात जास्त विचारणा तुळशीची होते, आणि विचारताना लोकांचा चेहरा उतरलेला असतो. घरावर काही संकट आहे का, असंही विचारतात. तसं काही नाही. तुळस हे मुळात थोड्या वर्षांचं झाड. कार्तिकात लग्न लागतं तेव्हा ती मंजिऱ्यांनी लदलेली असते. बी तयार झालं की तिचा जोर सरतो, आणि वरून पौषातली थंडी, धुकं. पानं काळी पडून गळतात. बुडाशी नख लावा. हिरवं असेल तर वाळक्या फांद्या छाटा, मंजिऱ्या काढा, थंडीत रात्री वर कापड टाका, फाल्गुनात फुटेल. बुडाशीही कोरडं असेल तर ती गेली, वाट पाहू नका.

पण वृंदावनातली माती फेकू नका. मंजिरीचं बी त्या मातीत पडलेलं असतं, मोहरीपेक्षा बारीक. माती हलकीच खरवडून ओलसर ठेवली की ऊन वाढल्यावर किंवा पहिल्या पावसात तिथेच रोपं उगवतात. ठेवलेल्या मंजिऱ्या चुरून वरवर टाकल्या तरी चालतं, खोल पुरायच्या नाहीत.

गुलाब आला, पण तोच का?

कलमी झाड झोपेतून उठलं तर ते कुठून फुटलं ते पाहा. गुलाब, आंबा, लिंबूवर्गीय झाडांत खाली एक खुंट आणि वर बांधलेला डोळा किंवा काडी असते, जोडाजवळ गाठ दिसते. गाठीच्या वरून फूट आली तर आपलं झाड वाचलं. खालून आली तर खुंट वाचला, कलम गेली. माझ्याकडे एका नर्सरीतून आणलेला लाल गुलाब असाच वाळला आणि पावसाळ्यात जोरात फुटला. दोन वर्षं मी त्याला खत घातलं. लांबच लांब काटेरी फांद्या, फूल एक नाही. खुंटच पोसत होतो.

फळबाग लावणाऱ्यांसाठी ही गाठ आणखी महत्त्वाची. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत ठरलेल्या प्रमाणात झाडं जिवंत असावी लागतात, तर पुढचं अनुदान मिळतं. उन्हाळ्यात वाळकी दिसणारी कलमं घाईने उपटून नांग्या भरण्याचा खर्च करण्याआधी गाठीच्या वर नख लावून पाहावं. आणि गाठीखालून फुटलेलं हिरवं रोप पाहून जिवंत म्हणून मोजूही नये.

वाट किती दिवस पाहायची?

नवतपात, म्हणजे साधारण २५ मे ते २ जून, कोणत्याही झाडाचा निकाल लावू नका. सावलीत सरकवा, भिंतीपासून दूर, खाली विटा घालून. मृग लागला, पावसाची दोन-तीन चांगली पाणी झाली की कुंड्या बाहेर मोकळ्यावर ठेवा. पावसाचं पाणी आणि थंडावलेली हवा यांनी जे होतं ते नळाच्या पाण्याने होत नाही. मात्र कुंडीखालची ताटली काढून टाका, नाहीतर उन्हाळा काढलेलं झाड पावसात सडेल.

कांदे-गड्ड्यांना जूनअखेरपर्यंत वेळ द्या. तोवर काही वर आलं नाही तर उकरून पाहा. टणक असेल तर परत पुरा, पोकळ किंवा पिचपिचीत असेल तर काढा. चाफा, मोगरा, सीताफळ, डाळिंब अशा लाकडी झाडांना पोळ्यापर्यंत. तोवर बुडाशी हिरवं टिकून असेल आणि फूट आली नसेल तरी मी आणखी थांबतो. लोक हसतात, हसू द्या. दर पंधरा दिवसांनी नख मात्र नव्या जागी लावायचं. हिरवं खाली खाली सरकत चाललं असेल तर झाड हरत आहे. तिथल्या तिथे असेल तर टिकून आहे.

फूट आली की लगेच उन्हात नेऊ नका, आणि पहिल्या दोन पानांवर भरवसा ठेवू नका. दुसऱ्या फेरीची पानं आली म्हणजे मुळं कामाला लागली. तेव्हा वाळका भाग जिवंत डोळ्याच्या जरा वर धारदार कात्रीने कापायचा. कारण समजत नसेल, एकामागून एक कुंड्या जात असतील, तर मुळासकट झाड आणि मूठभर माती पिशवीत घालून हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. नुसता मोबाइलमधला फोटो दाखवून मुळाचा रोग कळत नाही.

सगळं करूनही झाड गेलंच असेल तर सडून गेलेल्याची माती दुसऱ्या कुंडीत तशीच टाकू नका. उन्हाळ्यात प्लास्टिकवर पातळ पसरून आठ-पंधरा दिवस कडक ऊन द्या, मधून मधून उलटा, कुंडी घासून धुवा. आणि पसरण्याआधी ढेकळं हाताने फोडून पाहा, त्यात एखादा विसरलेला कांदा असतो.